कचरा म्हणून जाळलेलं झाड

दोस्तांनो, आई किंवा आजी धान्य पाखडताना तुम्ही पाहिलं असेलच. सुपातले चांगले दाणे एकीकडे, आणि फोलपटं, काड्या, खडे दुसरीकडे. दुसरीकडचा ढीग उचलायचा आणि फेकून द्यायचा. त्यात पुन्हा कोणी डोकावून पाहत नाही. आज आपण ज्या झाडाला भेटणार आहोत, ते कित्येक वर्षं असंच त्या दुसऱ्या ढिगात जात होतं.

त्यासाठी आपल्याला जरा लांब, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जावं लागेल. पॅसिफिक महासागराला लागून तिथे वॉशिंग्टन आणि ओरेगॉन ही दोन राज्यं आहेत. (अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन वेगळी बरं का, ती पार पूर्वेला. भूगोलाच्या पेपरात माझा एकदा हा घोटाळा झाला होता, तुमचा होऊ देऊ नका.) आपल्याकडे अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि कोकणाला झोडपून काढतात, तसेच तिथेही समुद्रावरचे ढग किनाऱ्यालगतच्या डोंगरांना अडतात. पाऊस भरपूर, हवा थंड. त्यामुळे तिथे सूचिपर्णी झाडांची घनदाट जंगलं आहेत. त्यातला डग्लस फर हा वृक्ष वीस मजली इमारतीएवढा उंच जातो. सरळसोट खोड, उत्तम लाकूड. व्यापाऱ्यांचा सगळा डोळा त्याच्यावर.

या राक्षसांच्या पायाशी, ओढ्यांच्या काठी आणि दमट घळींमध्ये, जिथे ऊन जेमतेम पोचतं, तिथे एक बुटकं, वाकडंतिकडं झाड वाढतं. लाकूडतोड्यांची रीत अशी होती, की जंगलाचा एक पट्टा सरसकट तोडायचा, फरचे ओंडके गाडीवर चढवायचे, आणि मागे उरलेला पाला, फांद्या आणि बिनकामाची झाडं यांचे ढीग रचून पेटवून द्यायचे. आपलं हे बुटकं झाड त्या ढिगातलं. लाकूडतोडे त्याला सरळ ‘कचरा-झाड’च म्हणत.

या झाडाचं नाव पॅसिफिक यू. शास्त्रीय नाव टॅक्सस ब्रेव्हिफोलिया. टॅक्सस हे यू झाडांचं जुनं लॅटिन नाव, आणि ब्रेव्हिफोलिया म्हणजे आखूड पानांचा. ‘यू’चा उच्चार इंग्रजीतल्या ‘तू’ या अर्थाच्या शब्दासारखाच होतो. त्यावरून तिथली मुलं किती पांचट विनोद करत असतील, याची कल्पना तुम्हाला करता येईल.

आता हे झाड जरा जवळून पाहू या. उंची सहा ते पंधरा मीटर. पानं सुईसारखी, पण टोचत नाहीत. चपटी आणि मऊ, वरून गर्द हिरवी, खालून फिकट. डहाळीवर ती गोल जिन्यासारखी फिरत फिरत उगवतात, पण प्रत्येक पान देठाशी पीळ घेतं आणि सगळी मिळून दोन बाजूंच्या दोन ओळींत बसतात. आजीकडची दोन्ही बाजूंना दात असलेली जुनी फणी आठवा, अगदी तशी. सावलीत राहणाऱ्या झाडाला हे सोयीचंच. पानं एकमेकांवर सावली धरत नाहीत, वरून गळून आलेला थोडासा उजेड सगळ्यांच्या वाट्याला येतो.

साल मात्र पाहण्यासारखी. जांभळट तपकिरी रंगाचे तिचे पातळ पापुद्रे सुटून येतात, आणि खाली तांबूस गुलाबी रंग दिसतो. ही साल जेमतेम पाव इंच जाड. आपलं सगळं नाट्य पुढे या पाव इंचातच घडणार आहे, म्हणून ती लक्षात ठेवा.

पाइन, देवदार या सूचिपर्णी झाडांना लाकडी शंकू लागतात. सहलीहून येताना आपण ते गोळा करून आणतो आणि शोकेसमध्ये ठेवतो. यू याच गोतावळ्यातला, पण याला तसे शंकू लागत नाहीत. याची बी एकेकटी असते आणि तिच्याभोवती लालचुटूक, रसदार पेला असतो. पेल्याचं तोंड उघडं, आत डोकावलं की बी दिसते. कोकणातल्या मुलांनी ताजं जायफळ फोडलेलं पाहिलं असेल. जायफळावर जी लाल जाळी असते, जिला आपण जायपत्री म्हणतो, तीही बीवर वाढणारं असंच एक आवरण आहे. आणि हे लाल पेले प्रत्येक झाडावर दिसत नाहीत. पपईत जशी नर आणि मादी झाडं वेगळी असतात, तशीच यूमध्येही. नर झाडाला फक्त परागकण, पेले सगळे मादी झाडावर.

इथे एक धोक्याची सूचना. तो लाल पेला सोडला तर यूचं अख्खं झाड विषारी आहे! पानं, साल, लाकूड, आणि पेल्यात बसलेली ती बीसुद्धा. त्यातलं टॅक्सीन नावाचं विष थेट हृदयावर काम करतं. यूची पानं खाऊन घोडे आणि गुरं दगावल्याची उदाहरणं अनेक आहेत, वाळलेल्या पाल्यातही विष टिकून राहतं. मग पक्षी हे पेले कसे खातात? ते बी चावत नाहीत. पेल्यासकट गिळतात, गर पचतो आणि बी जशीच्या तशी विष्ठेतून लांब कुठेतरी पडते. झाडाला हवं असतं तेच होतं. आणि मूस नावाचं तिथलं थोराड हरीण तर हिवाळ्यात बर्फ पडला की यूच्याच डहाळ्या खाऊन दिवस काढतं.

दक्षिण अलास्कापासून कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातून खाली कॅलिफोर्नियाच्या मध्यापर्यंत, आणि आत आयडाहो, मोंटाना या राज्यांपर्यंत हे झाड आढळतं. म्हणजे मुलूख मोठा. पण यूंचं म्हणून जंगल क्वचितच. इथे एक, तिथे दोन, असं विखुरलेलं. आणि वाढ तर इतकी सावकाश, की शंभर वर्षांच्या झाडाचं खोड साधारण वीतभर जाड. तुमच्या पणजोबांच्या जन्माच्या वेळी रुजलेलं झाड आज तुम्हाला कवेत नव्हे, दोन पंजांत धरता येईल!

हळू वाढणाऱ्या झाडाचं लाकूड बहुधा घट्ट असतं. यूचं तर जड, चिवट आणि तरीही लवचीक. लाकूडतोड्यांना त्याचा उपयोग दिसला नाही, पण त्या किनाऱ्यावर हजारो वर्षं राहणाऱ्या मूळ रहिवाशांना तो पक्का ठाऊक होता. वाकवलं तर मोडत नाही आणि सोडलं की झटक्यात सरळ होतं, अशा लाकडाचं काय करायचं? धनुष्य! तिथल्या काही जमातींच्या भाषेत तर या झाडाचं नावच ‘धनुष्याचं झाड’ अशा अर्थाचं आहे. शिवाय होड्यांची वल्ही, मासे मारायच्या भाल्यांचे दांडे, कंद उकरायच्या काठ्या, आणि देवदारासारखी मोठी खोडं फाडायला लागणाऱ्या पाचरी. लोखंड नसलेल्या माणसांचं ते लोखंडच होतं म्हणा ना.

आता १९६० सालाकडे येऊ. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ठरवलं, की कर्करोगावर औषध शोधायचं तर वनस्पती तपासून पाहू. कुठल्या? मिळतील त्या सगळ्या! तिथल्या शेती खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ पोती घेऊन रानोमाळ हिंडू लागले. २१ ऑगस्ट १९६२ या दिवशी आर्थर बार्कले नावाचे असेच एक वनस्पतिशास्त्रज्ञ वॉशिंग्टन राज्यातल्या गिफर्ड पिंशो राष्ट्रीय वनात होते. तिथे त्यांनी एका यू झाडाच्या डहाळ्या, पानं आणि फळं पोत्यात भरली. या झाडात काहीतरी आहे अशी त्यांना खात्री होती, असं मुळीच नाही. ज्या यादीत हजारो झाडं, त्यातलंच हे एक.

१९६४ साली कळलं, की यूचा अर्क काचपात्रात वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींना मारतो. मग मुख्यतः साल मागवण्यात आली आणि ती पोचली नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत. तिथे मन्रो वॉल आणि त्यांचे सहकारी काम करत होते. त्या सहकाऱ्यांतल्या एकाचं नाव ऐकून तुम्ही ताडकन उठून बसाल. मनसुख वाणी! जन्म १९२५, गाव नंदुरबार. आपलं खानदेशातलं नंदुरबार. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले, तिथे १९६२ साली पीएच.डी. झाले आणि त्याच वर्षी वॉल यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

काम कसं होतं बघा. साल म्हणजे एक पदार्थ नव्हे, त्यात शेकडो रसायनं. त्यातलं कर्करोगाला मारणारं नेमकं कुठलं? वॉल आणि वाणी यांनी अर्काचे भाग पाडले आणि प्रत्येक भाग पेशींवर वापरून पाहिला. जो काम करेल तो ठेवायचा, बाकीचे बाजूला. मग ठेवलेल्याचे पुन्हा भाग पाडायचे, पुन्हा तपासायचे. पाखडणंच हे, पण प्रत्येक वेळी थांबून, तपासून. असं करत करत बारा किलो वाळलेल्या सालीतून त्यांच्या हाती आलं अर्धा ग्रॅम शुद्ध द्रव्य. अर्धा ग्रॅम म्हणजे चिमूटभर साखर! वॉल यांनी त्याला नाव दिलं टॅक्सॉल.

त्याची रचना शोधायला आणखी काही वर्षं गेली, कारण रेणू फारच गुंतागुंतीचा निघाला. ४७ कार्बन, ५१ हायड्रोजन, १ नायट्रोजन आणि १४ ऑक्सिजन. बेरीज करा, ११३ अणू! पाण्याच्या रेणूत तीन असतात. १९७१ साली ही रचना प्रसिद्ध झाली. शोधनिबंधावर पहिलं नाव होतं वाणी यांचं.

आता सगळीकडे आनंदीआनंद झाला असेल, असं वाटतं ना? छे! कोणी फारशी दखलच घेतली नाही. मिळतं चिमूटभर, पाण्यात विरघळत नाही, आणि काम कसं करतं ते ठाऊक नाही. अशा औषधाच्या मागे कोण लागणार? टॅक्सॉल पुन्हा एकदा दुसऱ्या ढिगात जायच्या बेतात होतं.

ते वाचलं न्यूयॉर्कमधल्या सुसान हॉर्विट्झ या संशोधिकेमुळे. १९७९ साली त्यांनी दाखवून दिलं, की टॅक्सॉल काम करतं ते जगावेगळ्या पद्धतीने. ते समजून घ्यायला आपण एका बांधकामावर जाऊ. इमारत बांधताना भोवती बांबूंची परांची बांधतात. काम झालं की सोडतात आणि तेच बांबू दुसरीकडे बांधतात. आपल्या शरीरातल्या पेशीही एकीच्या दोन होताना आपल्या आत अशीच एक परांची बांधतात, अतिसूक्ष्म नळ्यांची. तिच्या मदतीने गुणसूत्रांचे दोन सारखे वाटे केले जातात. मात्र परांची बांधता यायला हवी, आणि वेळेवर सोडताही यायला हवी. तरच पेशीचं विभाजन पुरं होतं.

कर्करोग म्हणजे काही पेशींचं बेफाम विभाजन. ते थांबवायचं तर एक उपाय, परांची बांधूच द्यायची नाही. आपल्या दारातली गुलाबी-पांढरी सदाफुली माहीत आहे ना? तिच्यापासून मिळणारी व्हिंक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही औषधं हेच करतात. टॅक्सॉलने उलटी खोड काढली. ते परांची बांधू देतं, आणि मग सोडूच देत नाही! सगळ्या गाठी जणू कायमच्या आवळून टाकतं. पेशी अडकते आणि मरते. परिणाम सदाफुलीसारखाच, वाट मात्र अगदी उलटी. असं औषध तोवर कोणी पाहिलं नव्हतं.

(सदाफुलीची पानं यासाठी चावून बघायची नाहीत हं! कुंडीतल्या झाडापासून इंजेक्शनपर्यंतचा रस्ता फार लांबचा आहे, आणि मधल्या रस्त्यावर नुसतं विष आहे.)

तुमच्यापैकी एखाद्याच्या घरी आजीला, मावशीला असा आजार झाला असेल, तर उपचार चालू असताना केस गळतात हे तुम्ही पाहिलं असेल. त्याचं कारणही या परांचीतच आहे. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी नेहमीच भराभर विभागत असतात. औषधाला चांगल्या-वाईटातला फरक पुरता कळत नाही, ते त्यांनाही अडवतं. उपचार संपले की त्या पुन्हा कामाला लागतात आणि बहुतेकांचे केस परत येतात.

पाण्यात न विरघळण्याची अडचण सुटली ती एरंडेलामुळे! म्हणजे आजीच्या बाटलीतलं एरंडेल नव्हे, त्यावर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेलं एक द्रावण. त्यात टॅक्सॉल विरघळलं. पण काही रुग्णांना त्याचीच जोराची ॲलर्जी झाली, तेव्हा ते अगदी सावकाश, थेंब थेंब शिरेतून द्यायचं असं ठरलं. माणसांवरच्या चाचण्या १९८४च्या सुमारास सुरू झाल्या. १९८९ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी निकाल जाहीर केला. स्त्रियांच्या बीजांडकोशाचा कर्करोग, तोही इतर औषधांना दाद न देणारा. अशा रुग्णांपैकी साधारण ३० टक्क्यांच्या गाठी टॅक्सॉलने आकसल्या होत्या. शंभरातल्या तीस म्हणजे काही फार नाही, असं तुम्ही म्हणाल. पण डॉक्टरांनी हात टेकले होते अशा बायका होत्या त्या. त्यांच्या मुलांना विचारा ३० म्हणजे किती.

आणि इथेच खरी पंचाईत झाली. आता वही काढा आणि गणित करा. शंभर वर्षांच्या एका यूपासून साल मिळते साधारण तीन किलो. तेवढ्या सालीतून टॅक्सॉल निघतं फार तर ३०० मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळेच्या औषधापुरतं. एका रुग्णाच्या पूर्ण उपचारांना लागतं साधारण दोन ग्रॅम. म्हणजे किती झाडं? सहाहून जास्त! एका माणसासाठी शंभर-शंभर वर्षांची सहा झाडं.

साल काढली म्हणून झाड कशाला मरायला हवं, असं कोणी विचारेल. तर पानांनी बनवलेलं अन्न मुळांपर्यंत जातं ते सालीच्या आतल्या थरातून. खोडाभोवतीची साल पुरती सोलली की हा रस्ता तुटतो, मुळं उपाशी पडतात आणि झाड वाळतं. किल्ल्यांवर जाऊन झाडांच्या सालीवर चाकूने बदामात नावं कोरणारे महाभाग असतात, त्यांना एकदा कोणीतरी हे सांगायला हवं.

१९९१-९२ मध्ये पॅसिफिक यूच्या जंगलांत शेकडो टन साल गोळा केली गेली. कालपर्यंत जे जाळलं जात होतं, ते आता चोरीला जाऊ लागलं. याच जुन्या जंगलांत एक ठिपकेदार घुबड राहतं. १९९० सालीच अमेरिकन सरकारने ते धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं होतं. मग वाद पेटला. एकीकडे आजारी माणसं आणि त्यांचे नातेवाईक. त्यांचं म्हणणं, झाड मोठं की माझी आई? दुसरीकडे जंगल राखणारी माणसं. ती म्हणत, आज सगळी झाडं सोललीत तर पुढच्या वर्षी आजारी पडणाऱ्यांना काय देणार? मला विचाराल, तर मला दोघांचंही पटतं. एकाचं खरं आणि दुसऱ्याचं खोटं असतं तर भांडण लवकर मिटलं असतं. १९९२ साली अमेरिकन संसदेने खास या झाडासाठी कायदा केला. सरकारी जंगलातला यू वाया घालवायचा नाही, आणि संपवायचाही नाही, असं त्याचं सार. आधी ढिगात घालून जाळले गेलेले यू आठवून तेव्हा किती जणांनी कपाळावर हात मारून घेतला असेल! त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये औषधाला सरकारी परवानगी मिळाली. टॅक्सॉल हे नाव कंपनीने स्वतःच्या मालाचं म्हणून नोंदवून घेतलं, त्यामुळे औषधाचं सर्वसाधारण नाव झालं पॅक्लिटॅक्सेल.

या पेचातून वाट सापडली ती अमेरिकेत नाही, फ्रान्समध्ये. आणि सालीत नाही, पानांत. पिएर पोतिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या आवारात यूची झाडं होती. ही पॅसिफिक यू नव्हेत, तिचा युरोपातला भाऊबंद, टॅक्सस बकाटा. आपल्याकडे बंगल्यांना मेंदीचं कुंपण असतं, तसं युरोपात यूचं असतं. आवारात रस्ता काढायचा म्हणून ही झाडं तोडली गेली, आणि पोतिए यांनी त्यांचा एकेक भाग घेऊन तपासला. पानांमध्ये त्यांना टॅक्सॉल फारसं सापडलं नाही, पण ‘अर्धं तयार’ टॅक्सॉल सापडलं. टॅक्सॉलच्या रेणूला एक लांब शेपूट असतं. हा रेणू म्हणजे शेपूट नसलेलं टॅक्सॉल. आणि तो एक किलो ताज्या पानांत जवळजवळ एक ग्रॅम! आता फक्त शेपूट प्रयोगशाळेत बनवून जोडायचं. पोतिए यांनी ते करून दाखवलंच, शिवाय थोडं वेगळं शेपूट जोडून डोसिटॅक्सेल नावाचं दुसरं औषधही मिळवलं. अमेरिकेत रॉबर्ट होल्टन यांनी शेपूट जोडायची जास्त सोपी रीत काढली. १९९४ साली तर होल्टन यांच्या आणि निकोलाऊ यांच्या गटांनी अगदी साध्या रसायनांपासून पूर्ण टॅक्सॉल घडवलं. रसायनशास्त्रातला तो मोठा पराक्रम, पण त्यात पायऱ्याच इतक्या, की तसं औषध बनवणं परवडणारं नव्हतं. कुंपणाची पानं मात्र परवडली. कुंपण कातरलं तर ते मरत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा वाढतं. मेंदी कातरणारे माळीकाका तुम्हाला हे सांगतील.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे झाडच नको! २००२च्या सुमारास यूच्या पेशी मोठमोठ्या टाक्यांमध्ये, साखर आणि क्षार घातलेल्या पाण्यात वाढवून त्यांच्याकडूनच पॅक्लिटॅक्सेल बनवून घ्यायला सुरुवात झाली. टाकीत ना खोड, ना पान, ना मूळ. नुसत्या पेशी, पण आपलं काम चोख करणाऱ्या. आज बीजांडकोश, स्तन आणि फुप्फुस यांच्या कर्करोगांवर हे औषध जगभर वापरलं जातं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे.

आपल्या हिमालयात साधारण दोन-तीन हजार मीटर उंचीवर यूचे आणखी भाऊबंद आहेत. उत्तराखंडात त्यांना थुनेर म्हणतात, हिमाचलात रखाल. तिथले डोंगरी लोक पूर्वापार थोडीशी साल चहासारखी उकळत आले आहेत. (आपण नाही हं! कोणती साल, किती आणि कशी, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक.) टॅक्सॉलचा गाजावाजा झाला आणि तिकडच्या झाडांवरही कुऱ्हाड आली. पाला काढायला आलेली माणसं फांद्याच काय, झाडंच्या झाडं ओरबाडत. शेवटी १९९५ साली हिमालयातला यू आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादीत घालावा लागला. पॅसिफिक यूची सालीसाठी होणारी तोड थांबली. थुनेर मात्र अजून सावरलेला नाही, त्याची गणना आजही संकटात सापडलेल्या झाडांत होते.

मनसुख वाणी २०२० साली, ९५ वर्षांचे होऊन वारले. शोधाबद्दल त्यांना आणि वॉल यांना २००० साली कर्करोग संशोधनातलं मानाचं केटरिंग पारितोषिक मिळालं होतं. पण टॅक्सॉल हा काही या जोडीचा एकमेव शोध नव्हे! त्याच्याही आधी, १९६६ साली, त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं दुसरं द्रव्य मिळवलं होतं. त्यापासूनही पुढे कर्करोगावरची औषधं तयार झाली. आणि गंमत म्हणजे तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडात सापडलं. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या जंगलांत त्याला नरक्या म्हणतात, कारण त्याला घाण वास येतो. त्याच्याकडेही कोणी ढुंकून पाहत नव्हतं. आणि मग एक दिवस रात्रीच्या अंधारात जंगलातून नरक्याच्या लाकडाने भरलेले ट्रक निघू लागले.

पण आज जागा संपली. नरक्याची गोष्ट पुढच्या आठवड्यात.